ब्रेझा डिझेल चोर्ला घाटात ओढंना झालीय, ईसीएम रिमॅप करून घ्यावा का?

जांबोटी_रोड

नमस्कार मंडळी. गाडी विटारा ब्रेझा डिझेल, २०१८, केए-२२ पासिंग, रनिंग १ लाख १२ हजार. राहायला खानापूर. बहीण डिचोलीत दिलीय, त्यामुळं महिन्यातले दोन रविवार जांबोटी, कणकुंबी, चोर्ला करत खाली उतरायचं आणि संध्याकाळी परत. जाताना उतारच आहे, काही कळत नाही. येताना मात्र केरी सोडली की गाडीला दम लागतो. पाच माणसं आणि डिकीत बहिणीनं भरून दिलेले नारळ. दुसऱ्या गिअरला वळण घेतलं की दोन हजार आरपीएम होईपर्यंत काहीच नाही, आणि मग कुणी मागून ढकलल्यासारखी एकदम सुटते. मागच्या रविवारी एका टेम्पोला ओव्हरटेक करायला अर्धी बाहेर काढली, गाडीनं उचललंच नाही, परत आत घ्यावी लागली. मागं बायको आणि दोन वर्षांची लेक होती. तेव्हापासून तो घाट डोक्यातून जात नाही.

बेळगावात एकानं सांगितलं, ईसीएम मारून घे, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून घे, वीस पीएस (हॉर्सपॉवर) वाढतील, दोन तासांचं काम. मला रेस लावायची नाही. घाटात हाताशी थोडी ताकद पाहिजे, एवढंच. ॲव्हरेज पण वर्षभरात २१ वरून १७ वर आलंय. कुणी केलंय का? इंजिनाला पुढं त्रास होतो का? पैसे घालायची तयारी आहे, पण एकदाच.

उद्यमबाग_सीएनसी

माझी पण ब्रेझाच, २०१७ ची, तेच इंजिन. दोनदा मॅप केलाय. पहिला चुकला, दुसरा तीन वर्षं चालालाय. म्हणून जरा सविस्तर लिहितो, वेळ काढून वाचा.

ॲव्हरेजचं तुम्ही जाता जाता लिहिलंय. मी तिथंच थांबलो. ईसीएममधला मॅप, म्हणजे कधी किती डिझेल सोडायचं त्याचा तक्ता, झिजत नाही. कंपनीतून निघताना जो होता तोच १ लाख किलोमीटरनंतरही असतो. वर्षभरात चारचं ॲव्हरेज गेलं आणि पिकअप पण गेला म्हणजे लोखंडात नाहीतर रबरात काहीतरी बिघडलंय. त्याच्यावर मॅप चढवला की बिघाड झाकला जातो आणि दुप्पट होऊन बाहेर येतो. आधी ते हुडका.

इंजिन म्हणजे फियाटचं १.३ मल्टिजेट, १२४८ सीसी. फियाट ते आपल्या पुण्याजवळ रांजणगावला बनवायची, मारुती मानेसरला. स्विफ्टमध्ये ते ७५ पीएसचं, साध्या टर्बोचं (टर्बो म्हणजे जळून बाहेर पडणाऱ्या गॅसवर फिरून इंजिनात हवा दाबणारा पंखा). ब्रेझात ४००० आरपीएमला ९० पीएस, १७५० ला २०० न्यूटन मीटर, आणि टर्बोच्या आत हलत्या पाकळ्या. आरपीएम कमी असतात तेव्हा पाकळ्या मिटतात, गॅसची वाट अरुंद होते आणि गॅस जोरात जातो, नळीच्या तोंडावर अंगठा धरल्यावर पाणी जातं तसा. त्या पाकळ्यांवर काजळी बसून त्या आखडल्या, नाहीतर टर्बोपासून इंजिनापर्यंतच्या पाइपाला कुठं चीर गेली, की नेमकं तुम्ही लिहिलंय तसंच होतं: दोन हजारापर्यंत मेलेली आणि मग धक्का.

आता मोजायचं कसं. ओबीडीचा, म्हणजे गाडीच्या तपासणीच्या सॉकेटला लावायचा, ब्लूटूथ डोंगल आणि फोनवरचं ॲप, एवढ्यावर भागतं. चावी ऑन, इंजिन बंद, आणि मॅनिफोल्ड प्रेशर, म्हणजे इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब, बघा. बेळगाव समुद्रापासून साडेसातशे मीटर वर आहे, त्यामुळं इथं ९२-९३ किलोपास्कल दिसेल. डिचोलीत बहिणीच्या दारात बघितलं तर १०१ च्या आसपास. हा फरक लहान वाटतो, पण टर्बोला तो कळतो. इंजिनात २०० किलोपास्कल भरायचे तर डिचोलीत हवा दुप्पटच दाबायची, आपल्याकडं २.१५ पट. म्हणजे जसजसे चोर्ल्याच्या माथ्याकडं येता तसतसा टर्बो जास्त फिरतोय, आणि तुमचा पाइप फुटका असेल तर तो नुसताच फिरतोय.

मग पहाटे, रस्ता मोकळा असताना, सपाटीवर तिसऱ्या गिअरला १५०० आरपीएम धरा आणि पेडल पूर्ण दाबून ३५०० पर्यंत न्या. वेळ, मॅनिफोल्ड प्रेशर, रेल प्रेशर (इंजेक्टरला जाणाऱ्या डिझेलचा दाब), आत जाणाऱ्या हवेचं तापमान, सगळं लॉग करा. गाडीत तीच माणसं, तेवढंच डिझेल, आणि दोन्ही दिशांनी, म्हणजे वारा आणि उतार कटतो. माझी चांगल्या स्थितीत, मॅप नसताना ७.६ सेकंद घेत होती. एक लक्षात ठेवा, फोनवरचा साधा प्रेशरचा आकडा २५५ च्या वर जातच नाही. तिथं अडकलेला दिसला तर खरं प्रेशर त्याहून जास्त असू शकतं.

पाइपाची चीर डोळ्यांनी सहसा दिसत नाही. माझी इंटरकूलरच्या (टर्बोची गरम हवा थंड करणारी जाळी) खालच्या पाइपाला होती, क्लॅम्पच्या आत. दाब आला की उघडायची, गाडी बंद केली की मिटायची. मी शॉपमध्ये लेथवर नायलॉनचा बूच वळवला, मध्ये हवेचा वॉल्व्ह बसवला, टर्बोच्या तोंडाला लावला आणि कॉम्प्रेसरनं अर्धा-पाऊण किलो हवा भरली. वरून साबणाचं पाणी. बुडबुडे आले आणि पाच मिनिटांत निकाल लागला. जास्त दाब भरू नका, सील जातात. तो बूच अजून माझ्याकडं आहे. आपली तांबडी माती फिल्टरमध्ये किती बसते ते खानापूरवाल्यांना सांगायला नको, तरी एअर फिल्टर काढून बघाच. ईजीआर वॉल्व्ह (जळालेला थोडा गॅस परत इंजिनात सोडतो तो) उघडून साफ करा, डिझेल फिल्टरमधलं पाणी सोडा.

आता माझा पहिला मॅप. कुठं केला ते लिहीत नाही. दोन तासांत गाडी हातात दिली आणि सांगितलं १२० पीएस झाली. पहिला महिना मी खूश होतो. १४००-१५०० आरपीएमलाच पेडल दाबलं की गाडी हिसका द्यायची, मला वाटलं हेच पाहिजे होतं. मागून काळा धूर यायचा. चौथ्या महिन्यात केरीच्या वर, तुम्ही म्हणता त्याच चढावर, रात्री आठ वाजता काटा वर जायला लागला आणि गाडी मात्र जागेवरच. क्लचप्लेट स्लिप मारत होती. जळका वास गाडीत भरला. आई मागं बसली होती, तिला दम्याचा त्रास आहे. काचा खाली करून, पहिल्या गिअरला, माणसाच्या चालीनं वर आलो. क्लच सेटला मजुरी धरून साडेतेरा हजार गेले. पण त्याहून जास्त लागलं ते हे, की मूळ फाइल परत घाला म्हटल्यावर तिथला माणूस म्हणाला, आम्ही ती ठेवलीच नाही. माझ्याच गाडीतली वस्तू माझ्याकडं नाही! शेवटी त्याच सॉफ्टवेअर नंबरची दुसरी ब्रेझा हुडकून तिच्यातून काढली.

चूक काय झाली ते मला नंतर समजलं. एक किलो डिझेल जाळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते, आणि धूर न काढता जाळायचं तर १७-१८. दीड हजार आरपीएमला हवाच नसते. टर्बो गॅसवर फिरतो, गॅस इंजिनातून येतो आणि इंजिन त्या वेळी हळू फिरत असतं. ईसीएममध्ये धूर रोखणारी एक मर्यादा असते, इतकी हवा तर इतकंच डिझेल. त्या माणसानं ती उचलली. मग हिसका बसतो, पण तो हिसका क्लच आणि गिअरबॉक्स खातात, आणि न जळलेलं डिझेल काजळी होऊन त्याच पाकळ्यांवर जाऊन बसतं. शिवाय डिझेल इंजिनात जादा इंधन म्हणजे जादा उष्णता. टर्बोच्या तोंडाशी गॅस ७५०-८०० अंशांच्या पुढं बराच वेळ राहिला की टर्बोचं आयुष्य कमी होतं, आणि घाटात तो बराच वेळच राहतो.

दुसरा मॅप मी स्वतः शेजारी बसून करून घेतला. १८०० च्या खाली जवळजवळ काही बदललं नाही. २००० ते २७५० मध्ये २३० न्यूटन मीटर, आणि ४००० ला १०४-१०५ पीएस. हे फाइलमधले मागणीचे आकडे. चाकापर्यंत किती पोचतं ते मी वेळ मोजून बघितलं: ७.६ ची ६.७ सेकंद झाली. हिशोब सोपा आहे, टॉर्क गुणिले आरपीएम, भागिले ७०२४, की पीएस मिळतात. २३० ला २७५० नं गुणून भागा, ९० येतात. म्हणजे आधी जे नव्वद पीएस ४००० ला, इंजिन ओरडल्यावर मिळायचे, ते आता २७५० ला मिळतात. घाटात माणसाला हेच पाहिजे असतं. पहिल्या मॅपपेक्षा आकडा लहान आहे, पण तीन वर्षांत क्लच तोच आहे आणि धूर नाही.

टिळकवाडी_टीएसआय

वरच्या लिखाणाला पेट्रोलवाल्यांसाठी एक पुरवणी. माझी पोलो १.० टीएसआय, २०२१, मुळात ११० पीएस आणि १७५ न्यूटन मीटर. मॅप ९५ ऑक्टेनवर करून घेतला. बेळगावात ते मिळतं, अडचण आली नाही. मे महिन्यात सावंतवाडीहून आंबोली चढायचा होता, खाली एका लहान पंपावर साधं पेट्रोल भरलं. चढावर गाडी मूळ मॅपपेक्षा मंद! नॉक सेन्सरला ठोका, म्हणजे पेट्रोल भलत्या वेळी पेटल्याचा आवाज, ऐकू आला की ईसीएम ठिणगी उशिरा टाकतो, ताकद स्वतःच कमी करतो. इंजिन वाचलं ते त्याच्यामुळं. आता मी फाइल बदलून थोडी खाली आणलीय. जे पेट्रोल आपल्या वाटेवरच्या शेवटच्या पंपावर मिळतं, त्याच्यावर मॅप व्हायला पाहिजे. डिझेलला हा ठोक्याचा प्रश्न नाही, पण डिझेलकडं असा पहारेकरी पण नाही.

तवंदी_घाट

निपाणीहून. विम्याच्या क्लेमची कामं करतो म्हणून लिहालोय, कुणाला घाबरवायला नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, की आरसीतला तपशील आणि कंपनीनं ठरवलेली गाडी यांत फरक पडेल असा बदल मालकानं करू नये. २०१९ च्या दुरुस्तीनंतर १८२-ए मध्ये त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागं ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. केंद्राचा कायदा आहे, कोगनोळी नाक्याच्या अलीकडं पलीकडं सारखाच. विमा कंपनीला लेखी कळवा. अपघातानंतर त्यांनी स्वतः शोधून काढलं तर क्लेम अडतो, आणि तेव्हा घरच्यांनी मला फोन करून काही उपयोग नसतो. मी अशा दोन घरांत जाऊन बसलोय. वॉरंटी बाकी असेल तर मॅपचा विचारच नको, ईसीएम किती वेळा लिहिला गेला त्याची नोंद राहते.

अजून एक. पीयूसीत बीएस-४ डिझेलला धुराची मर्यादा १.६२ आहे. मॅपच्या आधी आणि नंतर पीयूसी काढा. धुराचा छापील आकडा हातात येतो.

उद्यमबाग_सीएनसी

पीयूसीचं उत्तम सुचवलंत. माझी दुसऱ्या मॅपनंतर ०.८ आली होती. पहिल्याच्या वेळी काढली असती तर आईला तो त्रास झाला नसता.

गोकाक_फॉल्स

रिमॅप नको, बाहेरून जोडायचा बॉक्स घ्या. काढून ठेवता येतो, सर्व्हिसला कुणाला कळत नाही. माझ्याकडं दोन वर्षं आहे.

उद्यमबाग_सीएनसी

दादा, तुमचा चांगल्यातला असेल, पण स्वस्त बॉक्स काय करतो ते या भावाला कळू दे. रेल प्रेशरच्या सेन्सरची वायर तो मध्ये तोडतो आणि ईसीएमला खऱ्यापेक्षा कमी प्रेशर दाखवतो. ईसीएम बिचारा प्रेशर वाढवतो. म्हणजे पंप आणि इंजेक्टर जे सोसतात ते ईसीएमला माहीतच नाही, आणि डोंगलवर तुम्हाला पण खोटाच आकडा दिसतो. ज्याला मोजता येत नाही ते मी माझ्या गाडीत ठेवणार नाही. आणि सर्व्हिसला कळत नाही म्हणून करणं, हे वर निपाणीकरांनी लिहिलंय त्याच्या अगदी उलट झालं.

जांबोटी_रोड

तीन आठवड्यांनी लिहालोय, माफ करा. काका, तुमच्यासारखा बूच इथल्या फिटरकडून वळवून घेतला. इंटरकूलरच्या वरच्या पाइपाला, क्लॅम्पच्या कडेला बोटाच्या पेराएवढी चीर. साबणाचा फेस नुसता उसळला. एअर फिल्टर वीट भाजल्यासारखा लाल होता. ईजीआर साफ केला. पाकळ्यांचा दांडा हातानं हलवून बघितला, मोकळा आहे.

आधी तिसऱ्या गिअरला ९.२ सेकंद लागत होते, आता ७.७. दोन हजार आरपीएमला प्रेशर १५८ दाखवायचं, आता १९५ च्या पुढं जातं. टाकी दोनदा फुल्ल करून मोजली, ॲव्हरेज २०. पाइप, फिल्टर, मजुरी सगळं मिळून चार हजारांच्या आत.

काल डिचोलीहून आलो. तीच पाच माणसं, नारळ जरा जास्तच. केरीपासून वर येताना दोन टेम्पो मागं टाकले, आणि बायकोनं विचारलं, गाडी बदलली काय? काका, बरं वाटलं बघा.

आता विचारायचं ते असं: १५०० ते १८०० मध्ये अजून ढिली आहे. मॅप केला तर ते जाईल का? नाहीतर आता राहूच दे का?

उद्यमबाग_सीएनसी

वाचून फार बरं वाटलं. लेक मागं बसते म्हणून लिहिलं होतंस, तेव्हापासून या धाग्याकडं रोज बघत होतो. काका म्हणालास, आता मी पण तू म्हणतो.

१५०० ते १८०० ची ढिलाई मॅपनं जात नाही. तिथं हवा नाही, मॅप हवा बनवत नाही. जो माणूस ते घालवतो म्हणेल तो माझ्या पहिल्या मॅपचाच भाऊबंद. वळणाच्या आधीच पहिला गिअर टाक, ओरडली तरी चालेल, आणि वळणातून बाहेर येताना काटा २००० च्या वर असू दे. केरीच्या वरच्या आवळ वळणांना मी अजून पहिलाच वापरतो, मॅप असून.

मॅप करावा का, तर दोन महिने अशीच चालव. पाच माणसं घेऊन पाऊस-धुक्यात चार वेळा घाट चढ. तरीही २००० च्या वर कमी वाटली तरच कर, आणि तेवढंच माग जेवढं मी घेतलंय. १ लाख १२ हजारांवरचा क्लच आधी तपास: चढावर चौथ्या गिअरला २००० ला पेडल पूर्ण दाब. काटा वर गेला आणि स्पीड तेवढाच राहिला तर क्लच संपलाय, मॅपचा विषय तिथंच बंद.

करायचाच झाला तर तीन गोष्टी त्या माणसाला तोंडावर सांगायच्या. काम चालू असताना बॅटरीला चार्जर लागलेला पाहिजे, मध्येच व्होल्टेज पडला तर ईसीएम मरतो. मूळ फाइल आधी तुझ्या पेनड्राइव्हवर, मग लिहायला सुरुवात. आणि धुराच्या मर्यादेला हात लावायचा नाही. कुठं काय बदललं हे तो दाखवायला तयार नसेल तर चावी घेऊन परत ये. नंतर ऑइल दहा हजारांऐवजी साडेसात हजारांवर बदल, आणि माथ्यावर कुठं थांबलास तर इंजिन लगेच बंद न करता मिनिटभर चालू ठेव.

या रविवारी मी शॉपमध्ये दुपारपर्यंत आहे. तुझ्या आधीच्या आणि आताच्या दोन्ही लॉग फाइली घेऊन ये, माझ्या लॉगशेजारी लावून बघू. रेल प्रेशरचा लॉग तू टाकलेला नाहीस, तो पण काढून आण.

जांबोटी_रोड

येतो काका. रेल प्रेशर उद्या पहाटे काढतो. नारळ आणालोय, नको म्हणू नका.